व्हॅलेन्सियातलं एक सत्र

कराडला कृष्णाकाठी आमचा ऊस. पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे सिव्हिलला असताना एक सत्र स्पेनमध्ये शिकायची संधी आली, तेव्हा मी व्हॅलेन्सियाच निवडलं. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. आठ कालव्यांचे, शेतकऱ्यांनीच निवडलेले आठ पंच, अंगात काळे डगले. वकील नाहीत, सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. तक्रार नसली तर पंच लगेच उठतात. २००९मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशात नोंदवली.

कुणाला तिथे असं सत्र शिकायला जायचं असेल, तर पहिलं सत्र साधारण सप्टेंबर ते जानेवारी, ३० युरोपीय क्रेडिटचं. ती क्रेडिट आपलं विद्यापीठ धरणार का, हे आधी लेखी घ्या. दोन विद्यापीठांत ‘इरॅस्मस प्लस’ करार असेल आणि निवड झाली, तर तिथली फी माफ होते, दरमहा भत्ताही मिळतो. व्हिसाला प्रवेशपत्र, आरोग्य विमा आणि खर्चाची ऐपत दाखवावी लागते. इंग्रजीतले विषय निवडले तर वर्गात इंग्रजी चालेल. खोली भाड्याने घेताना मात्र स्पॅनिशच लागतं. तेवढं इथूनच शिकून जा.