टॉवरच्या लहरींनी रक्त आटतं का? आधी हे वाचा

चोपडा-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत कुठेही नवा मोबाईल टॉवर उभा राहिला की पारावर चर्चा निघतेच, "या लहरींनी पोरांचं रक्त कमी होतं." ज्याच्या वावरात टॉवर, त्याला भाडं मिळतं म्हणून तो गप्प. बाकीचे तावातावाने बोलतात.

रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तिथे रात्रंदिवस नव्या पेशी बनत असतात. एक्स-रेसारखे किरण जास्त लागले तर या कोवळ्या पेशींमधला डीएनए तुटतो. मोबाईलच्या लहरींत थेट डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते. त्या फार जोरदार असल्या तर शरीर तापवतात, ओव्हनमध्ये अन्न तापतं तसं.

पण शंका अगदीच हवेतली नाही. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर रोज 2 तास ओव्हनच्याच 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या. पंधराव्या दिवशी मगजातल्या कोवळ्या तांबड्या पेशींत बिघाड वाढलेला दिसला, महिन्याच्या शेवटी मात्र तो वाढलेला दिसला नाही. आता जोर बघा. चौरस मीटरला 50 ते 100 वॅट! आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. त्या फ्रिक्वेन्सीला ती 1 वॅट, तर 900 मेगाहर्ट्झला 0.45 वॅट येते. तरी विषय संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलंय. गावचा टॉवर नियमात आहे का, ते केंद्राच्या 'तरंग संचार' पोर्टलवर बघता येतं.

खरी काळजी वेगळी आहे. खापर टॉवरवर फुटतं आणि तपासणी राहून जाते. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. कारण बहुतेक वेळा लोहाची कमतरता, जंत किंवा पाळीत जास्त रक्त जाणं. सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा, भिल्ल समाजात सिकलसेलही आहे. तो आईबापाकडून येतो, टॉवर नव्हते तेव्हाही होता. त्यात तांबडी पेशी 10-20 दिवसांतच मरते. पोरगं फिकट दिसतं, सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, सिकलसेलची तपासणी फुकट होते. आणि आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.