वाढ थांबवली की ओझं हलकं होतं?

पनवेलमधली लिफ्ट नसलेली एखादी इमारत, तिसरा मजला. बारा वर्षांच्या, मान न धरणाऱ्या लेकीला आई पलंगावरून उचलते, मोरीच्या कट्ट्यापाशी थांबते, दम घेते, मग पाय वर टाकते. ‘ही लहानच राहिली असती तर’ असं तिच्या मनात आलं तर त्यात पाप नाही. पण ‘तसा उपचार आहे म्हणे’ इथून गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : वाढ रोखणं हा आजारावरचा इलाज आहे.
वस्तुस्थिती : इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेमुळे हाडांच्या टोकांची वाढ लवकर थांबते आणि उंची खुंटते. मेंदू आहे तसाच राहतो, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र वाढतो. 2004 मध्ये अमेरिकेत सिॲटलला सहा वर्षांच्या मुलीवर हा ‘ॲशली उपचार’ झाला. सोबत तिचं गर्भाशय आणि स्तनांच्या वाढू लागलेल्या गाठीही काढल्या. लहान शरीर उचलायला, फिरवायला सोपं, असं पालकांचं म्हणणं होतं. गर्भाशय काढण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यायला हवी होती, हे रुग्णालयाने 2007 मध्ये मान्य केलं.

गैरसमज : आपल्याकडे असलं काही होत नाही.
वस्तुस्थिती : फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या दहाहून अधिक बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण सांगितलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. सोय कोणाची झाली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

गैरसमज : गर्भाशय नसलं की मुलगी सुरक्षित.
वस्तुस्थिती : शस्त्रक्रियेने गर्भ टळतो, अत्याचार टळत नाही; उलट तो उघड होण्याची एक वाट बुजते. पनवेल परिसरातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या एका निवासी संस्थेतले लैंगिक अत्याचार 2011 मध्ये उजेडात आले आणि 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने खुद्द संस्थाचालकाला दोषी ठरवलं. धोका मुलींच्या शरीरात नव्हता, राखणदारात होता.

गैरसमज : आई-वडिलांनी सही केली की झालं.
वस्तुस्थिती : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की, मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. शिवाय मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पनवेलकरांसाठी ते जिल्हा मुख्यालय म्हणजे अलिबाग.

गैरसमज : दुसरा मार्गच नाही.
वस्तुस्थिती : पाळीचं वेळापत्रक आणि पॅड बदलणं अनेक मुलींना चित्रं दाखवून, रोज सराव देऊन शिकवता येतं. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शनं आहेत. ती बंद करता येतात, काढलेलं गर्भाशय परत बसवता येत नाही. उचलण्यासाठी पट्ट्यांची झोळी, चाकांची खुर्ची, दुसरी जोडी हात. औषधोपचाराच्या खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत विमा.

आईची कंबर खरंच मोडते, तिला मदत हवीच. पण लेकीच्या शरीराला हात लावण्याआधी मोरीचा तो कट्टा फोडून बघावा.