राखेखालचा निखारा कसा शोधतात?

घशाच्या कर्करोगावरचे किरणोपचार आणि औषधोपचार पूर्ण झाले, तरी मानेतली गाठ कित्येकदा पूर्ण नाहीशी होत नाही. हाताला काहीतरी टणक लागत राहते. तो नुसता वण आहे, की त्यात रोग अजून जिवंत आहे? चूल विझल्यावर राख वरून सारखीच दिसते. आत निखारा आहे का, हे हात जवळ नेल्यावर कळते. सीटी स्कॅन गाठीचा आकार अचूक सांगते, पण नुसत्या आकारावरून हा उलगडा होत नाही. तेव्हा पेशींचे वागणे पाहावे लागते.

वागणे म्हणजे येथे साखरेची भूक. अनेक प्रकारच्या कर्कपेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात, आणि ऑक्सिजन उपलब्ध असूनही त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. या खादाडपणाचाच उपयोग पेट स्कॅनमध्ये केला जातो. (या नावाचा पेटण्याशी संबंध नाही; पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत.)

ग्लुकोजच्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवला की एफडीजी हा पदार्थ मिळतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, त्याला फॉस्फेट जोडते, पण पुढची पायरी काही होत नाही. रेणू आतच अडकतो. फ्लोरिनमधून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नष्ट होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील दोन शोधकांनी ते एकाच वेळी टिपले, की त्यांचा उगम त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे ठरते. अशा लाखो रेषांवरून संगणक चित्र तयार करतो.

फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे गणित जरूर करायला द्यावे: दहा अर्धायुकाल, म्हणजे साधारण १८ तासांनंतर, मूळच्या हजाराव्या भागाहूनही कमी उरतो. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलेच. मात्र औषध साठवून ठेवता येत नाही, ते बनवणारे सायक्लोट्रॉन काही तासांच्या अंतरावर लागते. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

तपासणीपूर्वी काही तास उपास असतो. इंजेक्शननंतर तासभर रुग्णाने गप्प, स्वस्थ पडून राहायचे. बोलत राहिले तर स्वरयंत्राचे स्नायूही साखर ओढून घेतात आणि नेमका घसाच उजळून दिसतो!

याहून मोठी फसगत घाई केल्याने होते. किरणोपचारांनी भाजलेल्या ऊतींची डागडुजी करणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर खातात. म्हणून या रोगात साधारण १२ आठवडे थांबून तपासणी करतात. नातेवाइकांना ही वाट पाहणे फार जड जाते, पण ते आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये मानेच्या लसीका गाठींपर्यंत रोग पसरलेल्या ५६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एका गटात मानेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली होती. दुसऱ्यात १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून, शंका असेल तरच शस्त्रक्रिया. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्यात ८१.५ टक्के, तर दुसऱ्यात ८४.९ टक्के होते. म्हणजे थांबल्याने नुकसान झाले नाही. या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडण्याचा त्रास होऊ शकतो, हे लक्षात घेतले तर त्या १६७ टळलेल्या शस्त्रक्रियांचे मोल कळेल.

सगळीकडे मात्र ही युक्ती चालत नाही. मेंदूला नेहमीच भरपूर साखर लागते, त्या उजेडात लहानसा निखारा हरवून जातो. काही मिलिमीटरांहून लहान पुंजका तर कुठेही सुटू शकतो. म्हणून संशयित ठिपका दिसला, तर सुईने नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आणि ठिपका दिसला नाही, तरी मान चाचपायला व दुर्बिणीने घसा पाहायला रुग्णाला ठरल्या तारखांना बोलावतातच.