लस नाकारणाऱ्याचेही एक गणित असते

विषाणूचा नवा उपप्रकार सापडल्याची बातमी आली, की लोणखेड्यासारख्या गावात तीन प्रश्न विचारले जातात. नोकरदार विचारतो, पुन्हा रस्ते बंद होणार काय? पपई आणि उसाचा बागायतदार विचारतो, पहाडपट्टीतून मजूर खाली उतरणार की नाही? आणि मजूर विचारतो, पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार काय? डिसेंबर २०२३ मध्ये जेएन-१ या उपप्रकाराने, तर मे २०२५ मध्ये एनबी-१.८.१ आणि एलएफ-७ या उपप्रकारांनी अशीच चर्चा उठविली होती. दोन्ही वेळा संकट फार वाढले नाही. परंतु प्रश्न मात्र तेच राहिले.

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना समाजाची सहानुभूती लाभते. तिसऱ्याच्या वाट्याला उपहास येतो. लस नाकारणारा म्हणजे अडाणी, अंधश्रद्ध, भगताच्या नादी लागलेला, असा शिक्का मारून सुशिक्षित वर्ग मोकळा होतो. हे निदान सोपे आहे, परंतु पुरते खरे नाही. ज्याच्या घरात उद्याचे धान्य आजच्या मजुरीवर अवलंबून असते, तोही हिशेब करूनच वागतो. त्याचा हिशेब चुकत असेल, तर त्यातील कोणते आकडे त्याला कोणी दिलेच नाहीत, हे आधी तपासावयास हवे.

मजुराची वाट आणि रोगाची वाट

शहाद्याला लागून असलेले लोणखेडा तापीच्या काळ्या सपाटीवर वसले आहे. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, त्यांच्यापलीकडे नर्मदा. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला मध्य प्रदेश. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी होते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या पाहणीत हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वाधिक दरिद्री ठरला. निम्म्याहून अधिक लोक त्यात बहुआयामी दारिद्र्यात मोडत होते. पावसाळी पिके निघाली, की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी येथील कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जातात आणि होळीला घराची ओढ लागली, की परततात. या येण्याजाण्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातेत आहे. तेथे एकाच बाकावर बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांत असू शकतात.

जी वाट मजुरीची, तीच रोगाची. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी ते शहर सोडले. तापीकाठच्या रेल्वेमार्गाने खानदेश सुरतेशी जोडलेला असल्यामुळे तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्याला ती घबराट अगदी दाराशी आलेली जाणवली. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिल्या बर्ड फ्लूची नोंद नवापूरच्याच कुक्कुटपालन केंद्रांत झाली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

त्या प्रसंगी एक गोष्ट घडली, तिचे स्मरण उपयुक्त आहे. मारलेल्या कोंबड्यांची भरपाई शासनाने मालकांना दिली. ती अपुरी होती, ही तक्रार बाजूला ठेवली, तरी तिच्यामागचे तत्त्व निर्विवाद होते. सार्वजनिक हितासाठी एखाद्याचे नुकसान करावयाचे, तर त्याचा भार समाजाने उचलावयाचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपलेला नव्हता. मोफत धान्य मिळाले, काही खात्यांवर थोडी रक्कमही जमा झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु बुडालेल्या मजुरीची भरपाई मजुराचा हक्क म्हणून कोणी मोजली नाही. पगारदाराचा पगार बहुतांशी चालू राहिला. एकाच बंदीची किंमत दोघांनी इतकी वेगळी मोजली असताना दोघांनी तिच्याकडे एकाच नजरेने पाहावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

बंदीने काय मिळते?

प्रवासबंदीने विषाणू अडतो, अशी लोकांची समजूत करून देण्यात आली. वस्तुस्थिती तशी नव्हती. २०२१ च्या आरंभी अमरावती आणि विदर्भाच्या काही भागांत रुग्ण वाढू लागले. महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आलेल्या त्या विषाणूप्रकारालाच जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांमधील प्रवासासाठी ई-पास सक्तीचा झाला, तोपर्यंत तो सर्वत्र पोहोचलेला होता. जूनमध्ये ‘डेल्टा प्लस’चे २१ रुग्ण राज्यात आढळले, त्यांतील सात जळगाव जिल्ह्यातील होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘ओमिक्रॉन’ जाहीर झाला, विमानप्रवाशांवर निर्बंध आले. तरीही ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत राज्यातील पहिला रुग्ण सापडलाच.

मग बंदी निरर्थक काय? तसेही नाही. बंदीने सुरक्षितता मिळत नाही, वेळ मिळतो. आणि त्या वेळेचे मोल तो कसा वापरला यावर ठरते. याचा उत्तम दाखला नंदुरबारनेच घालून दिला. पहिली लाट ओसरत असताना, २०२० मध्येच, डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना येथे हवेतून प्राणवायू तयार करणारे संयंत्र उभे करण्याचे काम सुरू झाले. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूच्या टँकरची वाट पाहत होती, तेव्हा हा मागास म्हणून गणला जाणारा जिल्हा आपल्या गरजेपुरता प्राणवायू स्वतः निर्माण करीत होता. नाक्यावर अडविलेल्या मजुराने जी किंमत मोजली, तिचा काही मोबदला येथे समाजाच्या पदरात पडला. जेथे असा वापर झाला नाही, तेथे ती किंमत केवळ वाया गेली.

नकाराची कारणे

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि दुसरी लाट चढत होती. पाड्यापाड्यांवर अफवा पसरल्या. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असे बोलले गेले. या अफवा खोट्या होत्या. परंतु अफवा ज्या मातीत रुजली, ती माती एका दिवसात तयार झालेली नव्हती.

शहादा तालुक्यात १९७० नंतरच्या काळात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी गमावलेल्या जमिनींसाठी आणि रास्त मजुरीसाठी लढा दिला. सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठच्या ३३ गावांना झळ पोहोचली आणि पुनर्वसनासाठी अनेकांना तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर यावे लागले. ज्या समाजाच्या अनुभवात कागद घेऊन आलेला शासकीय माणूस बहुधा काही तरी न्यावयासच आलेला असतो, त्याने सुई घेऊन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल ते कोणते?

आणखी एक विसंगती होती. देशातील पहिले आधार कार्ड याच शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले. ओळखपत्राच्या बाबतीत हा तालुका देशात पहिला. पण दहा वर्षांनी लसीसाठी नोंदणी करावयाची ती भ्रमणध्वनीवरून, आणि पहाडात त्याच्या लहरी पोहोचत नव्हत्या. त्यातच लस घेतल्यावर एक-दोन दिवस अंग दुखे, ताप येई. पगारदाराला ती रजा होती, मजुराला तो बुडालेला रोज होता. लस फुकट होती, असे म्हणताना या रोजाची किंमत कोणी धरली नाही.

या नकाराला इतिहासही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात घरे झडली, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली, आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी झाली. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. आगाखान यांनीही आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली. लस एकच, परंतु शिपायाच्या पहाऱ्यात ती वेगळी दिसते आणि आपल्या माणसाच्या दंडावर वेगळी. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे दूषित लसीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली आणि एका बाटलीतील दोषाने वर्षांची कमाई गमावली. विश्वास हे भांडवल असे आहे, की ते साठते सावकाश आणि बुडते एका दिवसात.

सक्ती की समजूत?

असे असले, तरी नकार हा केवळ ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे म्हणता येणार नाही. संसर्गजन्य रोगात एकाच्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडतो. लसीने गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळले, हे सिद्ध झालेले आहे. मात्र लस घेतली की रोग होणारच नाही, असे जे भोळे आश्वासन कित्येकांनी दिले, ते ओमिक्रॉनच्या काळात खोटे ठरले, आणि त्याचा फटका खऱ्या विधानांनाही बसला. क्वचित घडणाऱ्या दुष्परिणामांविषयी मौन पाळल्यानेही अफवांनाच बळ मिळते. जेवढे खरे आहे तेवढेच सांगणे, हेच अखेर किफायतशीर ठरते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, लसीची किमान एक मात्रा घेतल्याशिवाय शिधा, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश निघाला. अशा आदेशाने रांगा वाढतात, हे खरे. परंतु पेट्रोल न मिळणारा आणि शिधा न मिळणारा यांच्यावरील सक्ती सारखी नसते. पहिल्याची सोय जाते, दुसऱ्याची भाकरी. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यासही सांगितले. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

नंदुरबारच्या नर्मदाकाठी मात्र दुसरा मार्ग चोखाळला गेला. जेथे रस्ताच नाही अशा गावांत आरोग्य पथके नावेतून लस घेऊन गेली. शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका यांनी घरोघर जाऊन लोकांना त्यांच्या भाषेत समजाविले. हा मार्ग सक्तीपेक्षा मंद होता. पहाडी जिल्ह्यात तो अपुराही पडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहिमेच्या वेळी पंतप्रधानांनी कमी लसीकरणाच्या ज्या जिल्ह्यांचा आढावा घेतला, त्यांत नंदुरबार होते. परंतु या मार्गाने जोडलेला माणूस पुढच्या वेळी दार लावून घेत नाही, हा त्याचा खरा नफा आहे.

साथ नसतानाचे काम

पुढचा उपप्रकार केव्हा येईल, हे सांगता येत नाही. तो आला तर काय करावयाचे, हे मात्र आजच ठरविता येते. लसीच्या तापात बुडणारा दोन दिवसांचा रोज हा लसीकरणाच्याच खर्चाचा भाग मानावा. १९७२ च्या दुष्काळात मजुराला हक्काचे काम देणाऱ्या रोजगार हमीची वाट ज्या महाराष्ट्राने देशाला दाखविली, त्याला ही कल्पना अवघड वाटू नये. प्रवासावर निर्बंध घालावयाचेच असतील, तर ते किती दिवसांसाठी आणि त्या दिवसांत कोणते काम होणार, हे निर्बंधांबरोबरच जाहीर करावे. आणि लसीची माहिती भिली, पावरी या भाषांत, गावच्याच माणसाच्या तोंडून पोहोचावी.

यांहून महत्त्वाचे काम साथ नसतानाचे आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ उसळली आणि बालके दगावली. महामारीच्या काळात चुकलेल्या लसी हे तिचे एक प्रमुख कारण होते. नव्या विषाणूच्या भीतीत जुन्या रोगाची लस मागे पडली आणि किंमत लहान मुलांनी मोजली. एरवीच्या दिवशी पाड्यावरचे उपकेंद्र उघडे असते काय, तेथे परिचारिका आणि औषध असते काय, बाळंतिणीला वेळेवर वाहन मिळते काय, या प्रश्नांच्या उत्तरांवरच साथीच्या दिवशी लोक दंड पुढे करतील की नाही, हे ठरत असते.

२०२० आणि २०२१ मध्ये नाक्यावर उभा राहिलेला शिक्षक, घरोघर नोंदी घेणारा लिपिक आणि अफवा ऐकून घरी सांगणारा विद्यार्थी, या तिघांनी हे जवळून पाहिले आहे. पुढच्या वेळी लस नाकारणारा माणूस समोर आला, तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी त्याचा रोज किती, तो बुडाला तर कोण देणार, आणि आजवर कोणी त्याला खरे सांगितले, एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली, तर अर्धे लसीकरण तेथेच झाले असे समजावयास हरकत नाही.