फाटलेलं कापड घरच्या घरी कसं सांधावं

आज आपण फाटक्या कपड्यांबद्दल बोलणार आहोत.

हसू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक ताई बैठकीत कर्ज मागायला आली. कशाला, तर पोरीला नवा गणवेश घ्यायला. पोरगी तीन दिवस शाळेत गेली नव्हती, पोट दुखतं म्हणायची. खरं कारण वेगळंच निघालं. कमीज काखेत उसवली होती. उत्तर येत असूनही ती वर्गात हात वर करत नव्हती. आम्ही कमीज मागवून घेतली आणि बैठक संपायच्या आत शिवून दिली. कर्ज घ्यायची वेळच आली नाही. पण हेही कळलं, की आमच्यातल्या बऱ्याच जणींना हे काम येतच नाही. आजीला यायचं, आईला थोडं यायचं, आपल्यापर्यंत येता येता सुटलं.

म्हणून आधी कापड नीट बघायला शिकू. ते चार तऱ्हांनी जातं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिली, उसवण. इथं कापड धड असतं, फक्त शिवण सुटलेली असते. जुन्या शिवणीच्या रेषेवरच उलट टाका घाला. उसवलंय त्याच्या दोन बोटं अलीकडून सुरू करा आणि दोन बोटं पलीकडे थांबा. काखेत दोनदा शिवा. अंगाला घट्ट होऊन उसवलं असेल तर आतली माया सोडा, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच.

दुसरा, खोंबारा. कापूस वेचताना वाळल्या बोंडाच्या टोकाला बाही अडकते, काटेरी तारेला पदर अडकतो. कापड कमी झालेलं नसतं, नुसतं चिरलेलं असतं. दोन्ही कडा ओढून एकत्र शिवल्या तर चुण्या पडतात. त्यापेक्षा खाली पातळ सुती तुकडा ठेवा, कडा एकमेकींना टेकवा आणि चिरेला आडवे बारीक टाके घाला.

तिसरं, विरलेलं कापड. गुडघा, कोपर, बसायची जागा. उजेडासमोर धरा, आरपार दिसलं की समजा वेळ आली. भोक पडायची वाट बघू नका. आतून तुकडा लावून जवळजवळ धावदोरा घाला, वाकळेला घालतो तसाच. जपानमधले शेतकरी आणि कोळीसुद्धा कामाचे कपडे असेच धावदोऱ्यानं दणकट करत. त्याला ते साशिको म्हणतात.

चौथं, भोक. नखाएवढं असेल तर रफू करा. कापडाखाली स्टीलची वाटी उपडी धरा. आधी भोकावर उभे धागे घाला, अगदी जवळजवळ. मग आडवा धागा एकावरून, एकाखालून न्या. पुढच्या ओळीत उलट करा. बाज विणतात तसंच हे. टाका भोकाच्या काठावर न घेता आजूबाजूच्या धड कापडात घ्या. वळताना दोरा थोडा सैल सोडा, कारण सुती दोरा धुतल्यावर आटतो.

भोक मोठं असेल तर ठिगळ लावा. ठिगळाचं कापड जुनं, धुतलेलं घ्या. नवं कापड पाण्यात आटतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढून फाडतं. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापा, कडा आत दुमडा. उभ्या धाग्याला उभा धागा जुळवा.

आपल्या आज्या लुगड्यालाही असंच जपायच्या. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग फाडून काढायचा आणि दोन्ही धड तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. विरलेलं कापडही वाया जात नसे. त्या जुनेराची वाकळ व्हायची.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फाटलेलं कापड दगडावर धोपटायच्या आधी शिवा, नाहीतर बोटाएवढी चीर वीतभर होते. आणि शिवायच्या आधी कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा. तेवढ्यानंच टरकलं, तर त्यात दोरा टिकणार नाही. त्यावर वेळ घालवू नका. त्याची बटणं काढून ठेवा आणि कापड वाकळेला द्या.

काही जणी म्हणतात, ठिगळ लावलं तर लोक काय म्हणतील? गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या जोडलेली गोधडी असायची. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. पण गावात शिरले की बाबा आधी खराटा हातात घेत. लाज घाणीची वाटावी, टाक्याची कशाला?

आम्ही आता बचतीच्या पेटीशेजारी एक डबा ठेवलाय. त्यात बारीक-जाड सुया, पांढरा, काळा, निळा आणि खाकी दोरा, कात्री, जुनी बटणं. महिन्याची बैठक झाली की अर्धा तास शिवायला बसतो. वेचणी सुरू व्हायच्या आधी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गाठोडी बांधायच्या आधी तर नक्कीच. ज्यांना येतं त्या शिकवतात. मुलगेही बसतात, कारण बटण त्यांचंही तुटतं.

तुमच्या गटातही असा डबा करा. आणि आज रात्री पोरांचे गणवेश एकदा काखेत बघून घ्या.