दीनांचे कैवारी : गरिबांसाठी विनामूल्य कायदेसाहाय्य

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यात शहाणपण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. बांधाच्या वितभर जागेसाठी दोन भावांनी आयुष्यभर भांडावे आणि शेवटी दोघांचीही वाडी विकली जावी, असे प्रसंग आपण सर्वांनी पाहिले आहेत. मात्र ज्याच्या पदरी पैसा आहे, ओळखीपाळखी आहेत, त्यालाच ही म्हण परवडते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याने ती मनावर घेतली की त्याचा हक्क बुडतो आणि बुडविणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी आमच्या कार्यालयात आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत सातबाराचा उतारा, वीजबिले आणि नुकतीच आलेली एका वकिलाची नोटीस होती. पतीच्या निधनानंतर ती माहेरी वडिलांजवळ राहत होती. आई आधीच गेली होती. पुढे वडीलही वारले. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर भावांनी तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले आणि वारस नोंदीसाठी सही हवी, असे सांगितले. तिने सही केली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे तिला खोली रिकामी करण्याची नोटीस आल्यावर कळले. तेव्हा कागद होऊन दोन वर्षे सात महिने लोटले होते.

“फादर, वकिलाला द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. तुम्हीच भावांना समजावून सांगा,” एवढीच तिची मागणी होती. आम्ही भावांना बोलावले, ते आले नाहीत. मग शेजारच्या धर्मग्रामातील एका वकील बंधूंना आम्ही ते कागद दाखविले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो तारखेचा. असा दस्त रद्द करून घेण्यासाठी मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे दिलेली आहेत. फसवणूक ज्या दिवशी कळली त्या दिवसापासून ती मोजता येतात, हे खरे. परंतु समोरची बाजू दस्ताच्या तारखेपासूनच मोजणार, तेव्हा तो वाद ओढवूनच घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. हातात पाच महिने होते.

पुढे काय झाले ते आम्ही शेवटी सांगू. त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट उमगली. त्या भगिनीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. तो तिला ठाऊक नव्हता आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पुरेसा ठाऊक नव्हता. म्हणून हा लेख.

हा हक्क कोठून आला?

भारतीय राज्यघटनेत १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम घालण्यात आले. गरिबीमुळे वा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायाला मुकू नये आणि त्यासाठी शासनाने विनामूल्य कायदेसाहाय्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. हा आशय प्रत्यक्षात उतरण्यामागे एका वकील महिलेचे मोठे श्रेय आहे. जानेवारी १९७९ मध्ये पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांचे बिहारमधील तुरुंगांविषयीचे लेख एका इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध झाले. खटला न चालता वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कैद्यांची ती कहाणी होती. काहींनी तर त्यांच्या कथित गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ कोठडीत काढला होता. ते लेख वाचून सर्वोच्च न्यायालयातील वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी त्या कैद्यांसाठी याचिका दाखल केली. कोणी त्यांना नेमले नव्हते, कोणी फी देणार नव्हते. हुस्नआरा खातून या कैदी महिलेच्या नावाने हा खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने त्यात आदेश दिले. विनामूल्य वकील मिळणे हा जीवनाच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. या खटल्यामुळे देशभरातील सुमारे ४० हजार कैद्यांची सुटका झाल्याचे सांगितले जाते.

त्याआधी १९७८ साली महाराष्ट्रातीलच होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला होता की, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. पुढे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार कसा?

यानंतर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर विधी सेवा प्राधिकरणे आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती काम करते. तिचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते.

कोणाला मदत मिळते?

कायद्याच्या बाराव्या कलमात ही यादी दिलेली आहे. सर्व महिला व बालके, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे वा वेठबिगारीचे बळी, पूर, भूकंप, दंगल अशा आपत्तींत सापडलेले लोक आणि पोलीस वा तुरुंगाच्या कोठडीत असलेले सर्वजण या मदतीस पात्र आहेत. यांना उत्पन्नाची अट नाही. याशिवाय ज्यांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे, अशी कोणतीही व्यक्ती पात्र ठरते. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपयांची आहे. उत्पन्नाविषयी अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. महिलेला तिचे वा तिच्या पतीचे उत्पन्न विचारात न घेता ही मदत मिळते. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत महिलांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे. दुसरे असे की, अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही. त्यामुळे डहाणू-तलासरीच्या पाड्यावरील आमच्या आदिवासी ख्रिस्ती बंधुभगिनींनी ‘आम्ही ख्रिस्ती झालो, आता आम्हाला काही मिळणार नाही’ असे समजून परत फिरू नये.

मदत कशी मागावी?

तालुका समितीच्या किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तेथील कर्मचाऱ्यांनी ते लिहून घ्यावयाचे असते. अर्जावर शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर सात दिवसांच्या आत विचार व्हावा, असा नियम आहे. अर्ज नाकारला तर त्यावर वरिष्ठांकडे दाद मागता येते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

समितीच्या यादीवरील वकिलाला मानधन प्राधिकरण देते. पक्षकाराने एक रुपयाही द्यावयाचा नसतो. अशा वकिलाने किंवा अन्य कोणी पैसे मागितले तर समितीच्या अध्यक्षांकडे तक्रार करावी. याखेरीज स्वतःहून, कसलाही मोबदला न घेता गरिबांचे खटले चालविणारे वकीलही आहेत. अशा वकिलांची व गरजूंची गाठ घालून देण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ साली ‘न्याय बंधू’ हा उपक्रम सुरू केला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ग्राहक तक्रारीसाठीही दोन वर्षांचीच मुदत आहे. दस्त रद्द करण्यासाठी तीन. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला अनेक बाबतींत असतो, परंतु त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. ‘लाज वाटली म्हणून आलो नाही’ हे कारण माणुसकीला पटते, न्यायालयाला पटेलच असे नाही. म्हणून नोटीस आली की ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नये. तिच्यावरील तारीख पाहावी आणि त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावी. आणि न वाचता, न समजता कोणत्याही कागदावर सही करू नये, मग तो कागद सख्ख्या भावाने का पुढे केलेला असेना.

ख्रिस्ती श्रद्धेशी याचा संबंध काय?

‘चर्चने कोर्टकचेऱ्यांत कशाला पडावे?’ असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. योहानलिखित शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ ‘बाजूला उभे राहण्यासाठी बोलाविलेला’ असा होतो. मराठी बायबलने त्यासाठी ‘कैवारी’ हा सुंदर शब्द योजिला आहे. ज्याची बाजू घेणारे कोणी नाही, त्याची बाजू घेणारा तो कैवारी. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आठवावी. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी ती पुनःपुन्हा एकटीच जात राहिली, कारण तिच्यासाठी बोलणारा दुसरा कोणी नव्हता. प्रभू येशूने तो दाखला अखंड प्रार्थनेविषयी सांगितला. परंतु तो ऐकताना, तिच्या शेजाऱ्यांपैकी कोणी तिच्यासोबत का गेले नाही, हा प्रश्न आमच्या मनाला टोचत राहतो.

ख्रिस्तसभेने वकिलांचे आश्रयदाते मानलेले संत इव्हो हे असेच सोबत जाणारे होते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात त्रेगिए गावाजवळ १२५३ साली त्यांचा जन्म झाला. पॅरिस व ऑर्लेआं येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, धर्मन्यायालयात न्यायाधीश म्हणून काम पाहिले आणि ते धर्मगुरूही झाले. गरिबांचे, विधवांचे व अनाथांचे खटले ते विनामूल्य चालवीत. शक्य तेथे खटला उभा राहण्याआधीच ते दोन्ही पक्षांचा समेट घडवून आणीत. १९ मे १३०३ रोजी ते निवर्तले आणि १३४७ साली त्यांना संतपद देण्यात आले. त्या प्रदेशातील लोक त्यांना आजही गरिबांचा वकील म्हणूनच ओळखतात.

वकील बंधुभगिनींना विनंती

आपल्या धर्मग्रामांतून आज अनेक तरुण-तरुणी वकिलीची पदवी घेत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतही म्हटले आहे की, आपल्या आर्थिक कुवतीनुसार गरीब व पीडितांना विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. आम्ही मोठी अपेक्षा करीत नाही. महिन्यातून एका शनिवारी दोन तास चर्चच्या सभागृहात बसावे. आलेल्याची नोटीस वाचावी, मुदत सांगावी, अर्ज लिहून द्यावा आणि समितीचे दार दाखवावे. बाजू कमकुवत असेल तर तेही स्पष्टपणे सांगावे, कारण खोट्या आशेने गरिबाची वर्षे वाया जातात. आणि एकदा काम हाती घेतले की, फी देणाऱ्या पक्षकाराच्या कामाइतकेच मन लावून करावे. विनामूल्य सेवा म्हणजे दुय्यम सेवा, असे होता कामा नये.

ज्यांना कायदा कळत नाही, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्याला जाताना सोबत करावी. सुनावणीच्या दिवशी मुलांना सांभाळावे. तुरुंगात कोणाचा मुलगा वा पती असेल, तर त्या घराकडे पाठ फिरवू नये. २०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

आता त्या भगिनीविषयी. वकील बंधूंनी तिला तालुका समितीकडे नेले, अर्ज मंजूर झाला आणि मुदतीच्या आत दावा दाखल झाला. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मुलगा व मुलगी यांना समान वाटा मिळतो. (गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे.) हे न्यायालयात स्पष्टपणे मांडले गेल्यावर भाऊ प्रथमच बोलणी करण्यास तयार झाले. लोकअदालतीत तडजोड झाली. राहती खोली आणि विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा तिच्या नावे झाला. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते.

त्यानंतरच्या नाताळात ती भावांच्या घरी जेवायला गेली नाही. पुढच्या वर्षी गेली. कोर्टाची पायरी चढल्याने नाते तुटते, असे आपण म्हणतो. येथे ते तुटले होते कागदावर सही घेतली त्या दिवशी. न्याय झाल्यावरच ते पुन्हा जुळू लागले.

आपल्या शेजारी अशी एखादी पिशवी घेऊन कोणी थांबलेले असेल. त्याला वा तिला तालुक्याचा रस्ता दाखवावा आणि जमल्यास दोन पावले सोबत चालावे, एवढीच आमची प्रार्थनापूर्वक विनंती.