‘इम्प्रोव्हाइज’ : शब्द आणि वापर

“मला माझे इंग्रजी इम्प्रोव्हाइज करायचे आहे,” असे पुष्कळ विद्यार्थी म्हणतात. त्यांना म्हणायचे असते ‘इम्प्रूव्ह’. दोन्ही शब्द दिसायला भावंडांसारखे. पण कूळ निराळे. ‘इम्प्रूव्ह’ म्हणजे सुधारणे. त्याच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला ‘नफा’ या अर्थाचा शब्द आहे. (आम्हा बँकवाल्यांना हे ऐकून बरे वाटते!) ‘इम्प्रोव्हाइज’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्या मूळ शब्दाचा अर्थ ‘आधी न पाहिलेले’, अनपेक्षित. त्यावरून, पूर्वतयारी नसताना हाताशी असेल त्यातून ऐनवेळी काम उभे करणे, असा आजचा अर्थ झाला. स्ट्रेचर नाही म्हणून दोन बांबू व चादर यांची झोळी करून जखमीला नेले, तर ते स्ट्रेचर ‘इम्प्रोव्हाइज’ केले असे म्हणतात.

कलेतही हा शब्द वापरतात. गवई ऐनवेळी जी नवी जागा घेतो तिला आपण ‘उपज’ म्हणतो. तमाशातली बतावणी बहुधा लिहिलेली नसे. सोंगाड्या समोरच्या मंडळींचा रंग पाहून बोले. आंबेडकरी जलशांनी तमाशातील देवदेवतांचे गण-गौळण बाजूला सारले, पण सवाल-जवाबातली ही हजरजबाबी वृत्ती प्रबोधनासाठी कामाला लावली. मात्र अशा उत्स्फूर्त बोलण्यामागे वर्षानुवर्षांची तालीम असते. पुस्तक न उघडता परीक्षेत काहीतरी ठोकून देणे म्हणजे इम्प्रोव्हाइज नव्हे. त्याला आपल्या भाषेत ‘वेळ मारून नेणे’ हा चांगला शब्द आहे.

आता या शब्दाचा एक नातलग पाहू. बँकेच्या हिशेबात रोज भेटणारा ‘प्रोव्हिजन’ हा याच कुळातला. प्रोव्हिजन म्हणजे पुढचे आधी पाहून केलेली तरतूद. ज्यांच्यासाठी कोणीच तरतूद केली नाही, त्यांना जन्मभर इम्प्रोव्हाइज करावे लागते. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या मुलाचा आपण सत्कार करतो. जरूर करावा. पण त्याच्या घरात दिवा का नव्हता, हे सत्काराच्या भाषणात कोणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यात दोन्ही शब्दांचे अर्थ सापडतात. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. इमारत नव्हती, म्हणून वर्ग भरले ते युद्धकाळातल्या लष्करी बराकींत. इमारतीसाठी त्यांनी विद्यार्थ्यांना थांबवून ठेवले नाही. पण बराकींवर समाधानही मानले नाही. पुढे महाविद्यालय फोर्ट विभागातल्या पक्क्या इमारतीत गेले. त्याआधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली होती. त्या पैशावर आपली काही मुले परदेशी जाऊन शिकून आली.